मोहाच्या पोत्यातली कुसळं

माझं अक्षर वाकडं आहे. काना, मात्रा, वेलांटी कुठे कुठे चुकली असेल ते मला कळत नाही, म्हणून आधीच माफी मागून ठेवते. चौथीपर्यंत शाळा झाली. त्यानंतर लिहायचं म्हणजे बँकेच्या कागदावर सही आणि बचत गटाच्या वहीत नाव, एवढंच. ही वही मुलीची आहे. ती गडचिरोलीला शिकायला गेली तेव्हा अर्धी कोरी राहिली होती. पुढच्या पानांवर तिची गणितं आहेत, मी मागच्या बाजूनं लिहिते आहे. दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा लिहिते आणि तांदळाच्या ड्रमामागे ठेवून देते. कोणाला दाखवायची नाही. तरी कोणाच्या हाती लागलीच, तर अक्षराला हसू नये.

मला बोलता येत नाही असं नाही. पण चार माणसं दिसली की जीभ अडते. लग्न होऊन या गावी आले तेव्हा नवरी मुकी तर नाही ना, असं बायका एकमेकींना विचारायच्या, आणि तेही माझ्यासमोर. कागदासमोर बसलं की कोणी तोंडाकडे पाहत नाही. म्हणून हे लिहून ठेवते. नागफणीबद्दल आहे, आणि शेजारच्या बाईबद्दल.

माझं माहेर नागभीडकडचं. रेल्वेच्या रुळापलीकडे मुरमाचा उंचवटा होता आणि त्यावर नागफणीचं बन. शाळेच्या पुस्तकात तिला निवडुंग म्हटलं होतं, पण आम्ही नागफणीच म्हणायचो. तिचे फडे हाताच्या पंजाएवढे, जाड, हिरवे. होळी जवळ आली की फड्यांच्या कडेला धरलेली बोंडं आधी लालसर आणि मग वांग्यासारखी जांभळी व्हायची. कोणी लावलेली नाही, कोणाच्या मालकीची नाही, त्यामुळे तिथून कोणी हाकलत नव्हतं.

उन्हाळ्यात धानाचं काम नसायचं, तेव्हा आई मला सोबत घेऊन जायची. ऊन चढायच्या आत जायचं आणि वारा नसेल तेव्हाच. वारा असला की कुसळं उडून डोळ्यात जातात. फड्यांचे मोठे काटे दिसतात, त्यांच्यापासून हात वाचवता येतो. बोंडावरची कुसळं दिसत नाहीत. बोंडावर ठिपके असतात आणि एकेका ठिपक्यात केसाहून बारीक, पिवळ्या कुसळांचा झुपका असतो. नुसता हात लागला तरी दहा-वीस सोबत येतात. तेव्हा काही वाटत नाही. घरी येऊन भात कालवायला बसलं की कळतं.

आईजवळ बांबूची लांब काठी होती. तिचं टोक चिरून फटीत खडा बसवलेला. बोंड त्या फटीत धरायचं आणि पिरगाळायचं, की अलगद सुटतं. खाली पडलेलं बोंड हातानं उचलायचं नाही, बांबूच्या चिमट्यानं उचलायचं. मग सगळी बोंडं मुरमावर ठेवून निंबाच्या डहाळीनं इकडून तिकडे लोळवायची. त्यानंतर निखाऱ्यावर फिरवायची. उरलेली कुसळं चटचट आवाज करत जळतात. शेवटी विळ्यावर दोन्ही टोकं कापायची. वरच्या टोकाला खळगा असतो आणि त्यात कुसळांची चांदणी बसलेली असते. ती खोलवर कापून टाकायची.

"बाहेरचं एखादं राह्यलं त ओठाले लागन. चांदणी राह्यली त नरड्यात जाईन," आई म्हणायची. दर बोंडाला म्हणायची.

आतला गर लालभडक, चिकट, गोड आणि थोडा आंबट. बिया बारीक खड्यांसारख्या, त्या चावायच्या नाहीत. ओठ, बोटं, फ्रॉक सगळं रंगून जायचं. आणखी एक सांगायचं आहे, लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. बोंडं जास्त खाल्ली की लघवी लाल होते. पहिल्यांदा झालं तेव्हा मी आता मरते असं समजून रडत आईकडे गेले. आई भांडी घासत होती. तिनं वरही पाहिलं नाही. म्हणाली, "मरत नाई व. नागफणी निंगून राह्यली."

हाताला कुसळं लागली तर काय करायचं तेही तिनंच शिकवलं. हात कपड्याला पुसायचा नाही. डोक्याला तेल असेल तर बोटं केसांत घालून चोळायची. कुसळ तेलकट केसांत अडकतं आणि बोटातून सुटतं. नंतर फणीनं केस विंचरायचे. उरलेली उन्हात हात धरून सुईच्या टोकानं काढायची. "कपड्याले पुसलं की कपडा कुसळाचा होते, मंग तो धुतला तरी कामाचा नाई." चांदणी कापायची ते मी कधी विसरले नाही. हे कपड्याचं विसरले, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

लग्न होऊन मी चामोर्शीकडे आले. इथे तलाव आहेत, धान आहे, जंगल जवळ आहे. नागफणी गावाबाहेरच्या जुन्या बांधावर भरपूर आहे, पण खात कोणी नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी ओठ लाल करून घरी आले तर घरचे म्हणाले, हे तर ढोरंसुद्धा खात नाहीत. तेव्हापासून मी एकटीच बांधामागे बसून खायची. मुलगी झाली, मोठी झाली, तेव्हा तिलाही चव लागली. दोघीच खाणाऱ्या.

शेजारी एक बाई राहते. वयानं माझ्या आईएवढी, नवरा वारल्यावर एकटीच. मी तिला बाईच म्हणते. ती आलापल्लीकडच्या जंगलातल्या गावची. तिचे देव झाडाखालचे, आम्ही पौर्णिमेला विहारात जातो. त्यावरून आमच्यात कधी शब्द झाला नाही. एकदा मी बांधामागे बसले होते आणि ती सरपण घेऊन तिथून जात होती.

"काय खाऊन राह्यली व लपून?"

मी पदरानं तोंड पुसलं.

"रक्त निंगून राह्यलं तोंडातून, आन पुसते."

"नागफणी आहे बाई."

"दे मले एक."

मी एक सोलून दिलं. तिनं मोळी खाली टाकली, खाल्लं, बिया थुंकल्या आणि म्हणाली, "गोड आहे. पन एवढे काटे काढून एवढंसं पोटात जाते. तुले दुसरा धंदा नाई काय?"

मला हसू आलं. परक्या माणसासमोर मी या गावात पहिल्यांदा हसले असेन. त्यानंतर बाईशी बोलताना माझी जीभ अडली नाही. काय झालं, कसं झालं मला सांगता येत नाही, पण दिवसभर न बोललेलं सगळं मी संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसून बोलायची, आणि ती चिंच फोडत ऐकायची.

गावाबाहेर बाईचं एक मोठं मोहाचं झाड आहे. जमीन सरकारची आहे, पण कोणतं झाड कोणी वेचायचं हे गावात आधीपासून ठरलेलं आहे आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात. सूर्य वर यायच्या आत वेचायची, अंगणात पसरून वाळवायची. पांढरट फुलं चार-पाच दिवसांत मनुक्यांसारखी होतात. मग पोत्यात भरून बाजारात व्यापाऱ्याला द्यायची. बाईच्या वर्षभराच्या तेला-मिठाची सोय त्यातून होते.

ही गोष्ट दोन उन्हाळ्यांआधीची आहे. गोवऱ्या आणायला मी बाईचं एक पोतं मागून आणलं होतं आणि ते आमच्याकडेच राहिलं होतं. एका सकाळी मला बोंडं पुष्कळ मिळाली. मुलगी सुट्टीत येणार होती. घरात गॅस आल्यापासून चूल रोज पेटत नाही, आणि तेवढ्यासाठी निखारे करायचा मला कंटाळा आला. मी बोंडं त्या पोत्यात टाकली, तोंड घट्ट धरलं आणि पोतं इकडून तिकडे घुसळलं. तागाच्या खरबरीत कापडावर घासून कुसळं निघाली. बोंडं बाहेर काढली तर एकदम गुळगुळीत. मला माझ्याच अकलेचं कौतुक वाटलं. आईला हे कसं सुचलं नाही, असंही मनात आलं.

पोतं मी तसंच दिलं नाही. उलटं करून झटकलं, नाल्यावर नेऊन दोनदा धुतलं, दगडावर आपटलं, दिवसभर उन्हात वाळवलं. मग घडी करून बाईला नेऊन दिलं. कशाला वापरलं ते सांगितलं नाही. धुतलं म्हणजे स्वच्छ झालं, सांगायचं काय त्यात, असं वाटलं.

त्याच पोत्यात बाईनं वाळलेला मोह भरला. तीस किलो होता. तिच्या घराच्या मागच्या छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, माकडांनी फोडून टाकले होते, आणि त्या वर्षी मोहाच्या पैशांत तिथे टिनं टाकायची असं तिनं ठरवलं होतं. मला कितीदा तरी सांगितलं होतं, किती टिनं लागतील, कुठून कुठपर्यंत.

बाजाराच्या दिवशी दुपारी ती पोतं डोक्यावर घेऊन परत आली. सकाळी नेलेलं पोतं परत आलेलं पाहूनच मी उठून उभी राहिले.

"घेतला नाई त्यानं," ती म्हणाली. "खालचा मोह वाळला का पाह्यले कोपरापर्यंत हात घातला, आन साप चावल्यावानी काढला. म्हणे, बाई, हे पोतं घरी ने, माह्या मालात नको. मी म्हनलं, काय आहे तरी काय, आन मीबी हात घातला. आता पाह्य."

तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "तुले काढता येते ना कुसळं. काढून दे."

मी तिला ओट्यावर उन्हात बसवलं. बोटांच्या सांध्यात, तळहातावर, मनगटावर बारीक पिवळी कुसळं झुपक्या-झुपक्यानं बसली होती. ती मी लहानपणापासून पाहत आले होते. ओळखायला क्षणही लागला नाही. बाईच्या डोक्याला तेल नव्हतं, माझ्या होतं. मी खाली बसले आणि तिची बोटं माझ्या केसांत घालून चोळली. मग सुई घेऊन एकेक काढायला लागले.

"कायचे असतीन व?" तिनं विचारलं.

माझी मान खाली होती. "गवताचे असतीन बाई," मी म्हणाले. "मोह वाळू घातला तिथी वाऱ्यानं आलं असन."

"असन," ती म्हणाली.

तो मोह कामाचा राहिला नाही. ढोरांपुढे टाकता येईना. बाईनं खड्डा करून पुरला. त्या बाजारात चाळीस रुपये किलोचा भाव होता, म्हणजे बाराशे रुपये मातीत गेले. टिनं आली नाहीत.

मी बाईच्या ओट्यावर जायचं बंद केलं. ती हाक मारायची तर मी घरातूनच काम आहे म्हणायची. मला पैशाची भीती होती, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. सांगितलं तर बाई पुन्हा हाक मारणार नाही. पूर्ण गावात मी जिच्याशी बोलते असं एकच माणूस होतं, तेही जाईल. आणि नाही सांगितलं, तर रोज तिच्याजवळ बसून तिचे फुटके कवेलू पाहायचे. पोतं घुसळलं ही चूक होती. गवताचे असतीन म्हणाले, ती चूक नव्हती. ते मी समजून केलं होतं. त्या आठ दिवसांत मी एक बोंडही खाल्लं नाही. मुलीनं विचारलं, तर या वर्षी गोड नाहीत म्हणून सांगितलं.

मोहाचे शेवटचे दिवस होते. तोंडानं सांगता येत नाही तर हातानं काही करावं, असा विचार करून मी पहाटे बाईच्या आधी तिच्या झाडाखाली गेले. फुलं वेचली, पळसाच्या पानांवर ढीग करून झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि ती यायच्या आत परत आले. तीन दिवस असं केलं. चौथ्या दिवशी गेले तर बाई आधीच बुंध्याला टेकून बसली होती. टोपली पालथी घालून वर हात ठेवले होते.

"बस," ती म्हणाली.

मी बसले.

"चोर फुलं नेते, हे आयकलं होतं. हा कोन चोर आहे, जो वेचून ठेवते? मले वाटलं, भूत लागलं झाडाले."

मी समोरचं एक फूल उचलून पानावर ठेवलं. फुलं गळत होती. एक माझ्या डोक्यावर पडलं, एक तिच्या टोपलीवर. मग मी म्हणाले, "बाई, ते कुसळं गवताचे नव्हते."

"मंग?"

"नागफणीचे होते. मी तुमच्या पोत्यात बोंडं घुसळली होती. धुतलं होतं दोनदा. मले वाटलं निंगाले."

"आन हे तुले कधी समजलं?"

"तुमचा हात पाह्यला तेव्हाच."

बाईनं टोपली सरळ केली. "मलेबी तेव्हाच समजलं," ती म्हणाली. "गवताचं कुसळ लांब असते. हे बारीक, पिवळं. मी रानात जन्मली व, मले कुसळ ओयखता येत नाई काय? आन या गावात नागफणी खानारं तुह्याशिवाय कोन आहे?"

"मंग तुमी काऊन नाई बोलल्या?"

"तू बोलशीन म्हनून. एक दिवस पाह्यलं, दोन दिवस पाह्यलं. तू त येनंच सोडलं. मी म्हनलं, पाहू, किती दिवस राह्यते."

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी सांगितलं की तेंदूपत्त्याचे पैसे आले की देईन. त्या पैशांतून मुलीची फी भरायची आहे हे बाईला ठाऊक होतं.

"पोट्टीचे पैसे मोडू नको," ती म्हणाली. "आन नवऱ्याजवळचे मले नको. चूक त्याची नाई. पन माफ करत नाई मी, समजलं? बारासे म्हन्जे बारासे. नागफणीनं बुडवले, नागफणीच भरून देईन. बोंडं घेऊन बाजारात चाल माह्यासंगं."

"बाजारात? मी?"

"नाई त काय बोंडं एकटे चालत जातीन?" मग उठता उठता म्हणाली, "ते गवताचं बोलली त्याचे पैसे नाई घेत. त्याचं तुले तसंबी पुरलं असन."

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून मोह वेचला. परत येताना ती पुढे चालत होती आणि मागे न पाहता तिच्या भाच्याच्या लग्नातल्या भांडणाची गोष्ट सांगत होती, मधले आठ दिवस गेलेच नाहीत अशी.

चामोर्शीच्या बाजाराच्या आदल्या दुपारी मी बोंडं आणली. या वेळी मुरमावर लोळवली, निखाऱ्यावर फिरवली, चांदणी कापली. तरी मनाला खात्री वाटेना. बोटाच्या कातडीला कुसळ कळत नाही, कामानं ती जाड झालेली असते. गालाला कळतं. म्हणून मी एकेक बोंड गालावर फिरवून पाहिलं. जे जरासं लागलं ते बाजूला काढलं. संध्याकाळपर्यंत गालाला चार ठिकाणी कुसळं लागली होती. आमचे हे कामावरून आले, माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे काय लावून राह्यली गालाले?" मी सगळं सांगितलं. त्यांनी पैसे देऊ केले, मी बाईचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, "तू बाजारात बसशीन? मी सुट्टी काढून पाह्यले येतो."

बाजारात बाई चिंच आणि चारोळी घेऊन बसली, मी तिच्या बाजूला पदर पुढे ओढून. बाईच ओरडत होती, "नागफणी, दहाचे आठ, गोड नागफणी." लोक थांबायचे, पाहायचे, हसून पुढे जायचे. कोणी तरी म्हणालं, "आता बाभूळबी इकाले आना." बाई म्हणाली, "आनतो, तुह्यासाठी सोलून आनतो." मी मात्र जमिनीकडे पाहत होते.

दुपारी एक बाई लहान मुलीला घेऊन थांबली. शहरातली वाटत होती. मुलगी बोंडाकडे बोट दाखवत होती. त्या बाईनं विचारलं, "याला काटे तर नाहीत ना?"

मी शेजारच्या बाईकडे पाहिलं. आतापर्यंत ओरडणारी ती, अगदी मन लावून चारोळी निवडायला लागली होती. मुद्दाम, हे मला कळलं.

"काटे तर नाहीत ना?" त्या बाईनं पुन्हा विचारलं.

मी एक बोंड उचललं आणि गालावर फिरवलं, इकडून, तिकडून, ओठाजवळ. मग म्हणाले, "नाई. एक-एक असं पाह्यलं आहे. आतलीबी चांदणी काढली आहे. बी चावू देऊ नका पोरीले."

एवढी वाक्यं मी अनोळखी माणसाशी एका दमात कधी बोलले नव्हते. तिनं वीस रुपयांची घेतली. ती निघाली तेव्हा मला आठवलं, मी उठले, तिच्या मागे गेले आणि कानाजवळ जाऊन लघवीचं सांगितलं. ती आधी दचकली, मग खूप हसली. पुढच्या बाजारात पुन्हा आली. म्हणाली, "बरं केलं सांगितलं. नाहीतर दवाखान्यातच नेली असती."

त्या उन्हाळ्यात सहा बाजार मिळाले. मग बोंडं संपली. हातात आलं ते बाईला दिलं, पण ते टिनांना पुरण्याएवढं नव्हतं. पावसाळ्यात बाईच्या मागच्या छपरावर प्लास्टिकची पन्नी बांधली. बांधायला आम्ही दोघं नवराबायको गेलो होतो. तरी एका कोपऱ्यातून पाणी यायचंच, बाई तिथे घमेलं ठेवायची. मी गेले की त्या घमेल्यात पडणाऱ्या थेंबांचा आवाज यायचा. बाई त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मी फक्त घमेलं भरलं की उचलून ओतायची.

बाई शिकलेली नाही. तिनं सुतळीला बारा गाठी मारून दाराजवळच्या खिळ्याला टांगली होती. शंभर रुपये पूर्ण झाले की एक गाठ सोडायची. दुसऱ्या उन्हाळ्यात जास्त गाठी सुटल्या, कारण लोक ओळखायला लागले होते. काही जण रक्त वाढतं म्हणून घ्यायचे. मला ते माहीत नाही, मी तसं म्हणून विकलं नाही. त्या वर्षी ते पैसे आणि मोहाचे पैसे मिळून बाईनं टिनं टाकली. घमेलं परत न्हाणीत गेलं. पण दोन गाठी राहिल्या होत्या.

या वर्षी होळीनंतर मी पुन्हा बाजारात बसले. आता मीच ओरडते. मोठ्यानं नाही, पण जवळून जाणाऱ्याला ऐकू येईल एवढं. मुलगी म्हणते, आई, तू गालावर बोंड फिरवताना मी मोबाईलवर व्हिडिओ काढते. तेवढं मात्र मी करू देत नाही.

मागच्या बाजारात शेवटच्या गाठीला दहा रुपये कमी पडले. मी म्हणाले, "बाई, नव्वद आहेत."

"मंग नव्वदच आहेत," ती म्हणाली.

"दहाच त राह्यले."

"दहा राह्यले म्हन्जे राह्यले. मी काई कुठी पळून नाई जात. तू जाऊन राह्यली काय?"

आज बाजार होता, म्हणून हे शेवटचं रात्री, सगळे झोपल्यावर लिहिते आहे. बोंडं आता लहान यायला लागली आहेत, हंगाम संपत आला. पहिल्या गिऱ्हाइकाचेच दहा रुपये आले, ते मी वेगळे धरून ठेवले. संध्याकाळी बाईच्या ओट्यावर गेले आणि तिच्या हातात दिले. तिनं नोट दोन्ही बाजूंनी पाहिली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि खिळ्यावरची सुतळी काढली. धुरानं ती काळी पडली होती आणि शेवटची गाठ तिच्या बोटांना सुटेना. मी ब्लाउजला लावलेली पिन काढून दिली, कुसळं काढायला मी ती नेहमी जवळ ठेवते. पिनेच्या टोकानं गाठ सैल झाली. बाईनं ती ओढून सोडली आणि त्या सुतळीनं चारोळीच्या पिशवीचं तोंड बांधलं.

टोपलीत तीन बोंडं उरली होती. मी विळा मागितला, सोलली, तिला दोन दिली आणि मी एक घेतलं.

"याचे किती?" तिनं विचारलं.

"हे इकाचे नाई."

"गालाले लावून पाह्यलं काय?"

"पाह्यलं."

तिनं खाल्लं, बिया अंगणात थुंकल्या. आज बाईचे बाराशे रुपये पूर्ण फिटले.